आसरांना नोटीस

आमचे घरमालक पक्ष्यांना अहो-जाहो करायचे आणि माणसांना अरे-तुरे. सरपंचाला भर चौकात "काऊन बे, मिशा काऊन काढल्या?" असं विचारणारा हा माणूस, माळावर अंड्यांवर बसलेल्या मूठभर मादीपुढे मात्र चपला काढून उभा राहायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "बसा, बसा. उठू नका तुमी. आमी नुसतं पाहून चाललो." मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ऊन लागलं असावं. मी त्यांना बाटलीतलं पाणी दिलं. त्यांनी निम्मं प्यायलं, निम्मं परत केलं आणि म्हणाले, "बाई, थोडं हळू चालत जा. तुमच्या चपलीचा लय आवाज होते."

मी त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत चार वर्षं भाड्यानं राहिले. साखरखेर्ड्याचा बाजार करून ऊन तापायच्या आत परत येता येतं, एवढ्या अंतरावरचं ते गाव. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात माझी बदली झाली होती. गाव मला डॉक्टरीणबाई म्हणे. मी डॉक्टर नाही, लसी टोचणारी आणि नोंदी ठेवणारी कर्मचारी आहे. पण अडलेल्या म्हशीपुढे उभं असताना पदवीचा खुलासा करत बसायला वेळ नसतो.

काका जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांना नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. सगळे 'मोजणीदार' म्हणत, मी 'काका' म्हणायची. बायको वारली होती, मुलगी जालन्याला. मोजणीची जुनी तिपाई त्यांनी घरी ठेवली होती आणि तिच्या फळीवर ताट ठेवून ते उभ्यानं जेवायचे. काळी छत्री बारा महिने हातात, पण पाऊस आला की ती मिटून काखेत. "छत्री उन्हाची हाय," म्हणायचे, "पावसात काऊन भिजवू?" अंतर विचारलं तर पावलांत सांगायचे. मी आले त्या दिवशी दवाखाना किती लांब म्हणून विचारलं. "सातशे चाळीस," ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट पाहून, "तुमची चाल पाह्यता सहाशे ऐंशी."

त्यांच्या बोलण्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं: चाळीस वर्सांत एक खोटा दगड रोवला नाई. हद्दीचा दगड. त्यांनी दिवसभर उन्हात मोजून रोवायचा आणि लोकांनी आठ दिवसांत हातभर सरकवायचा, हेच त्यांचं आयुष्य झालं होतं. "मानूस सख्ख्या भावाच्या शेताचा धुरा-बांध कोरते," ते म्हणायचे. "बापानं लावलेला दगड हलवते. कोनी हलवत नाई असा मले एकच दगड मालूम हाय." तो कोणता, ते मी विचारलं नाही. पुढे कळलंच, आणि साऱ्या गावाला कळलं.

गावाच्या वरच्या अंगाला गायरान होतं. मी काही निसर्गाच्या ओढीनं तिकडे गेले नाही, शेळ्यांना लस द्यायला गेले. पण त्या माळावर गेलं की वेळ ढिला पडायचा. गुडघ्याखालचं पिवळं गवत, तांबूस मुरूम, मधेच एखादी बोराटी. दहाच्या पुढे जमीन तापली की दूरच्या शेळ्यांचे पाय नाहीसे व्हायचे आणि नुसत्या शेळ्या हवेत चरताना दिसायच्या. आवाजाचंही तसंच. शेळ्या राखणाऱ्या गयाबाईची हाक तिच्या तोंडाच्या आधी येऊन पोचल्यासारखी वाटे. त्या सगळ्या थरथरीतून काळी छत्री सावकाश चाललेली असायची, आणि तिच्या खाली माणूस आहे की नाही हे लांबून सांगता येत नसे.

ते पखुर्ड्यांसाठी फिरायचे. पारव्याएवढा पक्षी, गावात भाटतितर म्हणतात. घरटं असं काही नसतं. गुराच्या खुरानं पडलेल्या खळग्यात तीन अंडी. अंडी मुरुमाच्या रंगाची, मादी गवताच्या रंगाची. शेजारून गेलं तरी दिसत नाही. सकाळी नऊच्या सुमारास 'कुट-रो, कुट-रो' करत थवे पाझर तलावावर उतरायचे, भराभर पाणी प्यायचे आणि उडायचे. काका रोज हजर. "चाळीस वर्सं माळ मोजला," ते एकदा म्हणाले, "पन कोनाचा हाय थे मोजूनबी नाई समजलं. आता समजून राह्यलं."

आधी त्या माळावर कुत्री नव्हती. मेंढपाळांची यायची, ती मेंढरांबरोबर निघून जायची. मग रस्त्यालगत कोंबड्यांची शेड झाली आणि मेलेल्या कोंबड्या मागच्या नाल्यात पडू लागल्या. शहरातली नको झालेली पिल्लं लोक पोत्यात घालून वळणावर सोडून जायचे; ती त्या नाल्यावर पोसली आणि त्यांची टोळी झाली. भरल्या पोटी ती माळावर हुंदडायची, आणि हुंदडता हुंदडता अंडी खायची. कुत्र्याचा दोष नव्हता. त्याला आणून टाकलेलं होतं. पण पखुर्डीला धोका दिसला की ती हलत नाही, मातीसारखी होऊन बसते. घारीपुढे हे चालतं. नाकानं शोधणाऱ्यापुढे चालत नाही.

तर आम्ही चौघं होतो. काका, मी, गयाबाई आणि मुरमाचा ट्रॅक्टर चालवणारा संतोष. मंडळाला नाव नव्हतं, फलक नव्हता, अध्यक्ष तर नव्हताच. संतोष आला तो अपराधापोटी. त्याच्या चाकाखाली एक घरटं गेलं होतं. काकांनी त्याला शिव्या दिल्या नाहीत. खाली उतरवलं, मुरमावरचा तो पिवळा ओला डाग दाखवला आणि म्हणाले, "आता तुह्या चाकाची रुंदी मोज बे." संतोषनं खरंच वितीनं मोजली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तलावावर आमच्याआधी हजर होता.

मी माझ्या वाटणीचं काम केलं. शेडवाल्याला खड्डा खणून, चुना टाकून कोंबड्या पुरायला लावल्या. रोग पसरला तर दवाखान्याचा अहवाल तुमच्या नावानं जाईल, एवढंच सांगितलं. दया दाखवा म्हणून जे होत नाही ते अहवालानं होतं. हाती लागली तेवढी कुत्री टोचली, दोन माद्यांची शस्त्रक्रिया करवून आणली. महिनाभरात टोळी पांगली. बरीचशी पुढच्या धाब्याकडे गेली.

राहिली ट्रॅक्टरची चाकं. काकांनी सापडलेल्या घरट्यांना खुणेचे दगड लावायचं ठरवलं. अगदी घरट्यावर नाही. सात पावलं उगवतीला. आधी चुन्यानं पांढरे केले. तिसऱ्या दिवशी गावभर बोभाटा झाला की मोजणीदारानं गायरान मोजलं, आता वाटप होणार. पाचव्या दिवशी एकही दगड जागेवर नव्हता. दोन तर एकाच्या गोठ्याच्या कोपऱ्याला, हद्द म्हणून रोवलेले सापडले.

दोन दिवसांनी काका बाजारातून शेंदराची पुडी आणि तेलाची बाटली घेऊन आले.

"काका, हे काय?"

"कोनी हलवत नाई असा दगड करतो."

"आणि लोक हात जोडायला लागले तर?"

"जोडू द्या नं. हात जोडेल मानूस चाक कसं फिरवन?"

मला ते पटलं. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर सगळ्यांनी चूक एकट्या काकांची म्हटली. मी तिथेच होते, आणि मला त्यात शुद्ध व्यवहार दिसला होता.

सात घरटी, सात दगड. गयाबाईच्या समोर शेंदूर लावला. तिनं त्याच वेळी डोक्यावर पदर घेतला. त्याचा अर्थ मी लक्षात घेतला नाही. उपाय लागू पडला. ट्रॅक्टर लांबून वळू लागले. संतोष सांगायचा की बाकीचे ड्रायव्हर तिथून जाताना गाणी बंद करतात. आठवडाभर माळ इतका शांत होता की मी दुपारची जेवायलाही तिकडे जाऊ लागले. गवत, ऊन, लांबवर तरंगणाऱ्या शेळ्या आणि मधे मधे कुंकवाच्या बोटाएवढे ते लाल ठिपके. काही करायचं नसे. मला तशी सवय नाही.

मग कुणीतरी ते ठिपके मोजले. सात शेंदरी दगड म्हणजे साती आसरा, पाण्यातल्या सात बहिणी; दुसरं कोण असणार? आसरा तर पाण्याच्या काठी राहतात, या माळावर कशा? त्याचंही उत्तर गावानंच काढलं: तलाव आटत चालला म्हणून वर आल्या. चैत्र लागला होता. मंगळवारी, शुक्रवारी बाया येऊ लागल्या. दहीभात, नारळ, लिंबू, पुरणाची पोळी. एकीची आटलेली म्हैस पुन्हा दुधावर आली. ती माझ्या औषधानं आली होती, पण मला कोण विचारतं.

त्या संध्याकाळी फळीपुढे उभं राहून भाकरी मोडता मोडता काका म्हणाले, "बाई, लोक लय वाकून पाया पडून राह्यले. मले कसंतरी वाटते."

"ते पडतायत. तुम्ही तर नाही पाडत."

"दगड तं माह्या हातचा हाय."

कुत्री मला दिसली. शनिवार होता, आदल्या दिवशी बाया येऊन गेल्या होत्या. मी शेळ्या टोचत होते. बायांच्या पायांनी पडलेल्या नव्या वाटेवरून तीन कुत्री एकामागे एक आली. पहिल्या दगडाशी थांबली, भात खाल्ला, मग दगडाभोवती हुंगत हुंगत फेरा मोठा करत गेली. एका जागी माना खाली घातल्या. मग पुढच्या दगडाकडे निघाली. हळदीकुंकवाला निघालेल्या बायांसारखी, ठरल्या घरी, ठरल्या क्रमानं. त्या हलत्या हवेत त्यांचेही पाय दिसत नव्हते. ती तरंगत होती. सुंदर दिसत होतं ते. हातात सुई घेऊन मी बघत राहिले, आणि आपण काय बघतोय हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

सातव्या दगडाकडे ती पोचायच्या आत मी ओरडत, दगड मारत धावले आणि त्यांना पांगवलं. मग बाकीच्यांना बोलावलं.

सहा खळगे रिकामे होते. कुठे टरफल, कुठे तेही नाही. सातवा दगड बोराटीच्या पलीकडे, सगळ्यांत लांब होता. काट्यांमुळे तिकडे कुणी जात नसे. पण काल पहिल्यांदाच कुणीतरी तिथेही भात ठेवून गेलं होतं. मादी बसलेली होती. हंगामाचं ते शेवटचं घरटं.

काकांनी सहाही ठिकाणी चपला काढल्या. मग खाली बसले.

"बाई, म्या कुत्र्याईले नकाशा काढून देल्ला," ते म्हणाले. "सात पावलं उगवतीला. चाळीस वर्सांत इतका पक्का नकाशा नाई काढला."

"ऊन उतरलं की ती परत येतील," मी म्हणाले. "भात तिथंच आहे. दगड आज हलले पाहिजेत. पुढच्या मंगळवारच्या आत नाही, आज."

संतोष तावातावानं पहिल्या दगडापाशी गेला. वाकला. हात पुढे केला, मागे घेतला. "मॅडम, तुमीच उचला नं."

मी उचलला असता. मला देवाचं भय नाही. पण गयाबाई मधे येऊन उभी राहिली.

"गये, बाजूले हो," काका म्हणाले. "तुह्यासमोर शेंदूर लावला म्या. हा माहा खोटा दगड हाय."

"खोटा असन तुमचा. म्या त्याले निवद दाखोला हाय. दगड तुमी ठेवला, देव आमी बसोला."

"मंग काय करू? अंडी खाऊ देऊ?"

"म्या कवा म्हनलं?" गयाबाईचा आवाज चढला. "मानसाच्या वावरात जाता तं आधी नोटीस देता नं? मंग या बायाईले एकाएकी उठोता काऊन? नोटीस द्या."

"नोटिशीले पंधरा दिस लागतात."

"आमच्या दिराच्या मोजणीच्या वक्ताले तं अतितातडीची देल्ली होती!"

मी हसले. काका हसले नाहीत. ते उठले, घरी गेले, आणि तासाभरानं स्वच्छ अक्षरात लिहिलेला कागद घेऊन आले. संतोषनं तेवढ्यात गावात सांगितलं होतं; वीस-पंचवीस बाया आणि काही रिकामे पुरुष जमले. भर दुपार. काकांनी पहिल्या दगडासमोर छत्री उघडली, ती दगडावर धरली, आणि स्वतः उन्हात उभं राहून वाचलं:

"साती आसरा, मुक्काम गायरान, यांस कळविण्यात येते की, खाली सही करणाराने आपणांस चुकीच्या जागी बसविले आहे. शेंदूर त्यानेच लावला. हेतू पाखरांची अंडी राखण्याचा होता. आपल्या निवदामुळे कुत्री येऊन सहा घरटी गेली. चूक सर्वस्वी त्याची आहे, आपली किंवा निवद ठेवणाऱ्या बायांची नाही. आपली खरी जागा पाण्याच्या काठी आहे. तरी आज रोजी हद्द दुरुस्त करून आपणांस तलावाच्या बांधाखाली, रस्त्याच्या अंगाला नेण्यात येईल. कोणाची हरकत असल्यास समक्ष सांगावी."

वाऱ्यानं गवत एका बाजूला झुकलं आणि सावकाश परत आलं. मागून एक पुरुष म्हणाला, "म्हंजे मोजणीदार, इतके दिस आमाले येड्यात काढलं तुमी?"

"हो," काका म्हणाले. "काढलं."

म्हशीवाली पुढे झाली. "हरकत नाई. पन निवद बंद नाई होनार."

"तथी ठेवा. रस्त्याच्या काठी. पोटभर ठेवा."

सहा दगड संतोषच्या ट्रॉलीत, गयाबाईच्या घोंगडीवर बसून गेले. बाया मागे चालत गेल्या. उन्हात तो लांबत जाणारा घोळका, लाल दगड, पुढे ट्रॅक्टर, गाणी बंद. थोड्या वेळानं त्यांचाही खालचा भाग विरघळला.

सातव्याकडे काका एकटेच गेले. गुडघ्यांवर, हातांवर, सांडलेला भात एकेक शीत वेचत. दुरून मला नुसता त्यांचा पांढरा पंचा दिसत होता, कधी एक, कधी हवेत दोन. सात पावलांवर मादी बसली होती. ती उठली असती तर त्या उन्हात अंडी शिजली असती. ती उठली नाही. भात पंचात बांधून झाल्यावर त्यांनी दगड पोटाशी धरला आणि मोकळ्या हातानं, बोराटीच्या फांदीनं, आपला माग पुसत पुसत ते आले. दोन्ही कोपरं सोलली होती. मी जंतुनाशक लावलं. तेवढ्या वेळानंतर मी पुन्हा तिकडे पाहिलं तर घरटं कुठे होतं ते मला दाखवता आलं नसतं. सगळीकडे सारखा माळ होता.

त्यानंतर आम्ही नुसतं राखण केली, लांबून. मी शेडच्या बाजूला, संतोष मुरमाच्या रस्त्याला, गयाबाई शेळ्यांसह मधल्या नाल्यावर. घरट्याकडे कुणी जायचं नाही, हा काकांचा नियम. चौकात लोक त्यांना "काय मोजणीदार, मारुतीलेबी नोटीस देल्ली का?" म्हणून डिवचायचे. ते कुणाला अरे-तुरेही करेनासे झाले. खोटा दगड रोवला नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. फळीवरचं ताट अर्धं तसंच राहू लागलं.

"काका, एकदा जाऊन पाहू. मी येते. अंडी आहेत की नाहीत ते तरी कळेल."

"नाई. आपन पाह्यलं की आपला वास तथी ऱ्हायते."

"मग कळणार कसं?"

"नाई कळलं तं नाई."

मला असं जगता येत नाही. तरी मी गेले नाही.

आठवडाभरानं, सकाळी, आम्ही चौघं तलावाच्या बांधावर होतो. थवे आले, प्यायले, उडाले. एक नर मागे राहिला. तो पाण्यात छातीपर्यंत उतरला आणि बसून राहिला. अंग डावी-उजवीकडे हलवत, पिसं फुगवत. दोन मिनिटं, चार मिनिटं. पाणी त्याच्याभोवती हळूहळू गोल होत काठाला येत होतं.

"आजारी दिसतोय," मी म्हणाले.

काकांनी माझा दंड धरला. चार वर्षांत पहिल्यांदा. "आजारी नाई, बाई. पोटाची पिसं भिजवून राह्यले थे. चोचीत नाई नेता येत त्याईले पानी. पिसात नेतात. पोरं चोखतात थे."

"म्हंजे पोरं हायेत," गयाबाई म्हणाली.

माळावर आम्हाला न सापडलेली एखादी दुसरी जोडी असू शकत होती. हे माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

"फिरा," काका अचानक म्हणाले. "साऱ्यांनी पाठ करा. कुठी जातात थे आपल्याले नाई पाह्यचं."

आम्ही चौघं तलावाकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. समोरून देऊळगाव राजाची बस गेली. खिडक्यांतल्या बायांनी आमच्याकडे पाहिलं. काकांनी डोळेही मिटले होते. मागे पाणी हललं, पंख वाजले, आणि तो आवाज उठून एका बाजूला गेला आणि विरला.

कुठल्या बाजूला, ते मला कळलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. काकांनाही नाही.